आधी शिक्षा होऊ तरी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एकांनी लिहिलं होतं की गुन्हे आणि शिक्षा या एकाच विषयावर पक्ष काढणं म्हणजे वेळ फुकट घालवणं आहे, असे पक्ष निवडून येत नाहीत आणि आले तरी टिकत नाहीत. मी अशाच एका छोट्या, नव्या पक्षाचं काम करते. पत्र वाचून राग नाही आला, कारण हाच प्रश्न आमच्या मीटिंगमध्येही दर वेळी निघतो आणि त्यांचं निम्मं बरोबरच आहे. उरलेलं निम्मं पटत नाही म्हणून लिहितेय. पत्र मोठं झालंय, कापावं लागलं तर कापा, पण न्यूझीलंडचा आणि जुन्या इंग्लंडचा भाग तेवढा राहू द्या.

आधी मी यात का पडले ते सांगते. माझ्या मावसभावाचा खून झाला. दोन्ही आरोपी दोन दिवसांत सापडले, चार्जशीट झाली, आम्हाला वाटलं आता झालंच, अजून वर्षभर फार तर. निकाल लागायला नऊ वर्षं गेली. मावशी एकही तारीख चुकवायची नाही, आणि मी जमेल तेवढ्या तारखांना तिच्याबरोबर. कधी वकील आलेला नसायचा, कधी साक्षीदार, कधी जज बदललेले, कधी आरोपीला आणलेलंच नसायचं, आणि हे सगळं आम्हाला कळायचं ते दुपारी, सकाळपासून बसून राहिल्यावर. बाहेर एकच लांब बाक होता, त्याच्या एका टोकाला मावशी आणि दुसऱ्या टोकाला आरोपीचे भाऊ, असं नऊ वर्षं. ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं तो साक्षीदार सहाव्या वर्षी फिरला. त्याच्यावर माझा राग नाही, खरंच नाही, त्याला लहान मुलं आहेत आणि तो रोज त्याच रस्त्याने कामाला जातो, सहा वर्षांत त्याला कुणी एकदाही विचारलं नाही की बाबा रे तुला काही त्रास होतोय का. शेवटी एक सुटला, एकाला जन्मठेप लागली. आणि मावशीला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे, की आरोपी जामिनावर सुटला हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तो रस्त्यात समोरून चालत आला तेव्हा तिला कळलं.

तेव्हा मीपण ओरडणाऱ्यांतलीच होते. फासावर द्या, जन्मभर बाहेर सोडू नका. खून-बलात्काराला कडकच शिक्षा हवी हे माझं मत आजही तेच आहे, ते बदलेल असं वाटत नाही. पण नऊ वर्षं त्या बाकावर बसल्यावर एक गोष्ट कळली, आमचं जे अडलं होतं ते कायद्यात शिक्षा कमी होती म्हणून नाही अडलेलं. कायद्यात जन्मठेप होतीच की. ती आरोपीपर्यंत पोचत नव्हती.

आता पक्षाचं. लोक म्हणतात मोठ्या पक्षांना निवेदन द्या, मोर्चा काढा, पक्ष कशाला? निवेदनं आम्ही दिली. निवेदन देऊन फोटो काढून परत येतो आपण, आणि तो नेता पुढच्या माणसाकडे वळतो. त्याला आपली गरज कधी पडते, तर त्याची दोन-चार टक्के मतं आपण खाऊ शकतो असं दिसलं की. हे मी मनाचं सांगत नाहीये, घडलेलं आहे.

न्यूझीलंडमध्ये १९९७ मध्ये नॉर्म विदर्स नावाच्या माणसाच्या आईवर भयंकर हल्ला झाला. त्यांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि १९९९ च्या निवडणुकीबरोबर कडक शिक्षा आणि पीडितांना मदत यावर देशभर सार्वमत झालं. जवळजवळ ९२ टक्के लोकांनी हो म्हटलं. सार्वमत सरकारवर बंधनकारक नव्हतं, तरी त्यानंतर २००२ मध्ये शिक्षा, पॅरोल आणि पीडितांचे हक्क असे तीन नवे कायदे तिथे आले. एका घरच्या दुःखातून निघालेली गोष्ट कुठपर्यंत जाते बघा. पण त्यात एक चूकही होती जी मी आमच्या लोकांना नेहमी सांगते. प्रश्न एकच होता आणि त्यात पीडितांकडे जास्त लक्ष द्या, त्यांना भरपाई द्या, किमान शिक्षा ठेवा आणि सक्तमजुरी लावा, हे सगळं एकत्र कोंबलेलं होतं. पीडितांना मदत हवी पण सक्तमजुरी नको असं ज्याला म्हणायचं होतं त्याने कुठे खूण करायची? मग ९२ टक्के लोकांनी नेमकं कशाला हो म्हटलं यावर वाद घालायला सगळे मोकळे. मागणी सुटी-सुटी मांडायला हवी ती यासाठी.

पुढे २००८ ची निवडणूक. ॲक्ट नावाचा छोटा पक्ष, तो काही नवा नव्हता आणि नुसता शिक्षेच्या विषयावरचाही नव्हता, पण कडक शिक्षेसाठी लढणाऱ्या तिथल्या एका संघटनेचे वकील डेव्हिड गॅरेट त्यांनी यादीत घेतले होते. मतं मिळाली ३.६५ टक्के, खासदार ५. मोठ्या पक्षाला सरकार बनवायला पाठिंबा हवा होता, आणि त्याबदल्यात २०१० मध्ये 'थ्री स्ट्राइक्स' कायदा झाला, म्हणजे गंभीर हिंसक किंवा लैंगिक गुन्हा तिसऱ्यांदा केला की त्या गुन्ह्याची जास्तीत जास्त शिक्षा, आणि शक्यतो पॅरोल नाही. पुढच्या सरकारने तो २०२२ मध्ये रद्द केला, २०२३ मध्ये सत्ता बदलली तसा ॲक्टने तो परत मागितला आणि २०२४ च्या शेवटी तो बदलून परत मंजूर झाला. पावणेचार टक्के सुद्धा मतं नाहीत आणि अख्ख्या देशाचा कायदा हलला. तेव्हा छोटा पक्ष काय करणार असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

अर्थात तिथली निवडणूक पद्धत छोट्या पक्षांना जागा देते, मतांच्या प्रमाणात खासदार मिळतात, एकतर देशभरात ५ टक्के मतं घ्या नाहीतर एखादा मतदारसंघ जिंका. जिथे सगळ्यात जास्त मतं घेणारा एकच निवडून येतो तिथे आमच्यासारख्यांचं निवडून येणं अवघडच, हे मान्य. तिथे काम वेगळं होतं, चुरशीच्या जागेवर तुम्ही हजार-दोन हजार मतं घेता आणि पडलेला माणूस पुढच्या वेळी तुमच्या मागण्या वाचतो. आम्हाला त्या मागण्या चोरल्या गेल्या तरी आनंदच आहे.

पण आता याच कायद्याची दुसरी बाजू, आणि आमच्या लोकांना ती ऐकायला आवडत नाही. याच न्यूझीलंडच्या कायद्याखाली गंभीर मानसिक आजार असलेल्या एका माणसाने रस्त्यात अनोळखी बाईचं जबरदस्तीने चुंबन घेतलं, तो त्याचा तिसरा स्ट्राइक होता म्हणून त्याला त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा, ७ वर्षं, लागली. त्या बाईला जे सोसावं लागलं ते कमी नाहीच. पण शिक्षा देणाऱ्या जजच्या हातात आजार बघून वेगळं काही करायची सोयच ठेवली नव्हती, आणि शेवटी २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा चूक ठरवली. अशी एक केस पुरते कायद्याच्या विरोधकांना. कायदा रद्द करताना असल्याच केसेस पुढे आल्या.

कॅलिफोर्नियाच्या थ्री स्ट्राइक्स कायद्याचं तर याहून मोठं. माइक रेनॉल्ड्स हे फ्रेस्नोचे फोटोग्राफर, १९९२ मध्ये त्यांची १८ वर्षांची मुलगी पर्स हिसकावताना गोळी घालून मारली. बापाने कायद्याचा मसुदा करून घेतला, पहिल्यांदा तो आमदारांच्या कमिटीतच पडला. मग १९९३ मध्ये एका १२ वर्षांच्या मुलीला तिच्या घरातून पळवून मारलं, करणारा आधीचा गुन्हेगार आणि पॅरोलवर सुटलेला, आणि सगळं राज्य पेटलं. १९९४ मध्ये कायदा झाला, त्याच वर्षी मतदारांनीही तोच मोठ्या बहुमताने पास केला. त्या दोन घरांचं दुःख मला समजतं, फार आतून समजतं. पण त्या घाईत कायदा असा लिहिला गेला की पहिले दोन गुन्हे गंभीर असले की तिसरा तेवढा गंभीर नसला तरी चालेल. मग गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला २५ वर्षं ते जन्मठेप (म्हणजे जन्मठेप, आणि निदान २५ वर्षं सुटकेचा विचारही नाही), आणि दुकानातून व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्याला ५० वर्षं ते जन्मठेप, आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या दोन्ही शिक्षा कायम ठेवल्या. २०१२ मध्ये त्याच राज्याच्या मतदारांनी परत मत देऊन तो बदलला, तिसरा गुन्हाही आता साधारणपणे गंभीर किंवा हिंसक असायला लागतो. अठरा वर्षं गेली ही दुरुस्ती व्हायला. जिच्यासाठी कायदा आणला त्या मुलीसारख्यांचा आणि कॅसेट चोराचा काय संबंध? तुरुंगातली एक जागा, सरकारी वकिलाचा एक दिवस, हे सगळं मोजकं असतं, ते कॅसेट चोरावर गेलं की खुन्यावरून तेवढं कमी झालं.

आमच्या एका मीटिंगमध्ये यावरून कडाक्याचं भांडण झालं. एक काका, त्यांची स्वतःची मुलगी गेलीये, उभे राहून म्हणाले की तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेताय. मला रडू आलं, कारण त्यांना काय उत्तर देणार. मी फक्त म्हटलं, काका, तुमच्या केसमध्ये शिक्षा कमी पडली का? ते गप्प झाले आणि मग म्हणाले, नाही, पुरावा पडला, पंचनामाच नीट केला नव्हता. तेव्हा कुठे बाकीचेही बोलायला लागले, एकेकाचं ऐकलं तर कुणाचा साक्षीदार फिरलेला, कुणाचा रिपोर्ट लॅबमध्येच पडून, कुणाचा आरोपी कधी सापडलाच नाही. शिक्षा कमी लागली म्हणणारे होते, नव्हते असं नाही, पण ते शेवटी आले.

हे काही नवं ज्ञान नाहीये. १७६४ मध्येच इटलीतल्या बेकारिया नावाच्या विचारवंताने लिहून ठेवलंय की शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती चुकणार नाही याची खात्री माणसाला जास्त थांबवते, आणि ती लवकर मिळाली तर अजूनच. आणि उलटं केलं तर काय होतं ते इंग्लंडने बघितलंय. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला तिथे दोनशेच्या वर गुन्ह्यांना फाशी होती, कागदावर याहून कडक कायदा कुठे सापडणार? घरातून ४० शिलिंगांची चोरी केली की फाशी. तर ज्युरीत बसलेली साधी माणसं काय करायची, चोरीचा माल उघड उघड जास्त किमतीचा असला तरी त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवायची, म्हणजे माणूस फासावर जाणार नाही. कुणी सोडूनच द्यायचे. फिर्यादीसुद्धा तक्रार करायला कचरायचे, कारण चोरीपायी कुणाचा जीव घ्यायचा नव्हता त्यांना. म्हणजे कायदा जेवढा भयंकर, सुटायची शक्यता तेवढी जास्त. शेवटी १८२० च्या दशकात तिथले गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी फाशीचे बरेच गुन्हे कमी केले आणि १८२९ मध्ये लंडनला नियमित पोलीस दल उभं केलं. शिक्षा कमी केली आणि पकडायची सोय वाढवली, या दोन गोष्टी एकाच माणसाने केल्या, आणि तो काही मवाळ माणूस नव्हता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मावशीला फोन करून सांगितलं होतं.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या शहर-राज्याचं उदाहरण माझे विरोधक देतात आणि ते द्यायलाच हवं. रोनाल्ड शिल नावाचे जज, इतके कडक की पेपरवाल्यांनी त्यांना 'निर्दय जज' नाव दिलेलं. २००० मध्ये त्यांनी पक्ष काढला, सप्टेंबर २००१ मध्ये निवडणूक, आणि पहिल्याच फटक्यात १९.४ टक्के मतं. चाळीसहून जास्त वर्षं सत्तेत असलेला पक्ष गेला, शिल गृहखात्याचे मंत्री आणि उपमहापौर झाले. वर्षाच्या पक्षाला एवढं यश सहसा मिळत नाही. आणि दोन वर्षांच्या आत, ऑगस्ट २००३ मध्ये, महापौरांनी त्यांना काढून टाकलं, कारण महापौरांच्या खासगी आयुष्यावरून शिल यांनी महापौरांना धमकावलं असा आरोप झाला. पक्ष फुटला, २००४ च्या निवडणुकीत शिल यांच्या यादीला ३ टक्क्यांच्या आसपास मतं आणि एकही जागा नाही. लोकांची मागणी काही खोटी नव्हती, १९ टक्के लोक उगाच मत देत नाहीत. पण सगळा पक्ष एका माणसाच्या आवाजावर उभा होता, तो माणूस पडला आणि मागणी त्याच्याखाली सापडली.

न्यूझीलंडच्या गॅरेट यांचंही तेच. २०१० मध्ये उघड झालं की त्यांनी खूप वर्षांपूर्वी एका मेलेल्या बाळाच्या नावावर पासपोर्ट मिळवला होता. त्यांनी ते कबूल केलं आणि खासदारकी सोडली. थ्री स्ट्राइक्सचा माणूस आणि स्वतःच असं, किती नुकसान झालं असेल त्या चळवळीचं. म्हणून आमच्या पक्षात मी एका नियमासाठी अडून बसलेय आणि तो मी सोडणार नाही, की पदाधिकारी आणि उमेदवार यांनी स्वतःवरचे सगळे खटले, मिटलेलेसुद्धा, आधी लिहून द्यायचे आणि ते लोकांसमोर ठेवायचे. आम्ही दुसऱ्याला दया नको म्हणणार आणि आमच्या व्यासपीठावर कोण बसलंय ते लपवणार, हे चालणार नाही. दोन चांगले पैसेवाले लोक या नियमामुळे आले नाहीत. जाऊ द्या.

मग आम्ही मागतो काय. खुनाच्या आणि बलात्काराच्या केसमध्ये सुनावणी सुरू झाली की रोज चालावी, मधे महिनोन्महिन्यांच्या तारखा नकोत. दिल्लीची डिसेंबर २०१२ ची केस आठवा, त्यावर अख्खा देश रस्त्यावर आला होता, फास्ट ट्रॅक कोर्टाने नऊ महिन्यांत निकाल दिला, तरी शिक्षेची अंमलबजावणी मार्च २०२० मध्ये. जिच्याकडे सगळ्यांचं लक्ष होतं तिची सात वर्षं, तर आमच्यासारख्यांचं काय? साक्षीदाराचा जबाब लवकरात लवकर, व्हिडिओवर, जजसमोर नोंदवून घ्यावा आणि त्याला केस संपेपर्यंत संरक्षण असावं, निदान आरोपीच्या माणसांशी एका बाकावर बसायची वेळ तरी येऊ नये. पीडिताच्या घरच्यांना जामीन, पॅरोल, सुटका, सगळं आधी कळवणं सक्तीचं असावं, आणि जामिनाच्या अर्जावर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्येच पीडितांबद्दल ठराव केलाय, त्यात केसची माहिती देणं आणि त्यांचं म्हणणं मांडू देणं हे स्पष्ट लिहिलंय, म्हणजे आम्ही काही जगावेगळं मागत नाहीये. आणि परत परत हिंसा करणाऱ्याला जास्त शिक्षा हवी, हो, हवीच, पण तीत जजला अपवाद करायची जागा ठेवून आणि फक्त हिंसक गुन्ह्यांसाठी.

लॅब हा माझा आवडता मुद्दा आहे, मीटिंगमध्ये सगळे कंटाळतात इतकी बोलते मी त्यावर. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये दोन शाळकरी मुलींच्या खुनाच्या तपासात पहिल्यांदा डीएनए वापरला. एका १७ वर्षांच्या पोराने त्यातला एक खून कबूलही केला होता. टेस्ट केली तर तो नव्हताच. मग त्या भागातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले, खऱ्या माणसाने आपल्या जागी दुसऱ्यालाच नमुना द्यायला पाठवलं, ते उघडकीला आलं आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. एकाच टेस्टने निर्दोष पोरगा सुटला आणि खुनी सापडला. जे म्हणतात कडक न्याय मागणाऱ्यांना निर्दोष माणसाची पर्वा नाही त्यांना मी ही केस सांगते. चुकीचा माणूस आत गेला तर माझ्या भावाचा खुनी बाहेरच आहे ना? मला त्याची पर्वा नसेल कशी?

एकट्या माणसाने नेमकी मागणी धरून ठेवली तर काय होतं ते ॲन मिंग यांनी दाखवलं. त्यांच्या मुलीचा १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये खून झाला, आरोपी सुटला, मग नंतर त्याने स्वतःच कबुली दिली, पण एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी परत खटला चालत नाही या जुन्या नियमामुळे त्याला फक्त खोटी साक्ष दिल्याची शिक्षा झाली. त्या आईने वर्षानुवर्षं एकच गोष्ट मागितली, नवा ठोस पुरावा आला तर परत खटला चालवू द्या. २००३ मध्ये कायदा बदलला, २००६ मध्ये त्या माणसाला खुनासाठी जन्मठेप झाली. त्यांनी पक्ष काढला नव्हता हे मला माहितीये. पण त्यांनी वर्षं वाढवून मागितली नव्हती, एक बंद दार उघडून मागितलं होतं, आणि आम्हाला पक्षात तेच करायचंय.

माझी तुमच्याकडे एक विनंती आहे. ज्या वाचकांनी कधी कोर्टात साक्ष दिलीये, किंवा द्यायला घाबरले, किंवा फिरले, त्यांनी तुमच्याकडे लिहावं, नाव न घालता. पीडितांचं कुणीतरी ऐकतं कधीमधी, साक्षीदाराचं कुणीच ऐकत नाही, आणि आमची साक्षीदारांबद्दलची मागणी अजून अर्धवट लिहिलेली आहे, ती आम्हाला अंदाजाने पूर्ण करायची नाहीये.

माझं नाव छापू नका. आमची केस आता अपिलात आहे, आणि तो साक्षीदार अजून त्याच रस्त्याने कामाला जातो.

आपली,
एक वाचक